हाताला सूज आलीय? आधी कारण बघा, मग घरचं काय करायचं ते ठरवा (ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची सूज यावर सविस्तर)

हात सुजला की घरात पहिला प्रश्न "कुठं आपटलं का" आणि लगेच पुढचं "लेप लाव काहीतरी". पण हात सुजायची कारणं एवढी वेगवेगळी आहेत की एकीला ज्याने बरं वाटलं तेच दुसरीच्या जिवावर बेतू शकतं. शिरेत रक्ताची गुठळी झालीय आणि घरची माणसं तेल लावून जोरात चोळतायत, असं होतं हो, म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसून हात नीट बघा. एकच हात सुजलाय का दोन्ही, एका रात्रीत आली सूज का महिनाभर हळूहळू वाढतेय, हात गरम आणि लाल आहे का नेहमीसारखाच, ताप आहे का, बोटाने दाबून धरलं तर खड्डा पडतो का. आणि मागच्या काही महिन्यांत त्या बाजूला काही झालंय का म्हणजे सलाईन, ऑपरेशन, पेसमेकर, डायलिसिस, जिमला नवीन जाणं, सगळं आठवा. एवढ्यावरून अर्धं कारण कळतं.

आणि सगळ्यात आधी, हातात बांगडी, पाटली, अंगठी, घड्याळ, धागा जे काय असेल ते काढा. सूज वाढली की नंतर निघत नाही आणि बोट काळंनिळं पडायला लागतं. साबणाचं पाणी किंवा तेल लावून निघत नसेल तर कापून काढा, सोनं परत जोडता येतं. सवाष्णीने बांगडी काढायची नाही वगैरे विषय असेल तर दुसऱ्या हातात घाला पण सुजलेला हात मोकळा पाहिजे म्हणजे पाहिजेच.

घरी थांबायचं नाही अशा वेळा

अख्खा हात एक-दोन दिवसांत सुजला, जड झाला, रंग निळसर दिसतोय, खांद्यावर छातीवर शिरा उठून दिसतायत, तर हाताच्या मोठ्या शिरेत गुठळी असू शकते. कॅन्सर असलेले, केमोसाठी पोर्ट किंवा पिक लाईन (औषध द्यायला मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) बसवलेले, पेसमेकरवाले यांच्यात हे जास्त, आणि कधीकधी जिममध्ये खूप वजन मारणाऱ्या तरुण पोरांमध्येसुद्धा होतं. डॉपलर म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का बघणाऱ्या सोनोग्राफीत कळतं, औषध आहे, पण त्याच दिवशी जायला पाहिजे कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास अडकतो. चोळू नका, शेकू नका. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर वाट न बघता 108 लावा.

लालभडक, गरम, दुखणारी सूज आणि थंडी वाजून ताप, तर ते त्वचेच्या आतलं इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक लागतं. लाल पट्टा हातावरून काखेकडे वर चढताना दिसला तर अजून घाई. दोन्ही हात, तोंड, मान सुजलीय आणि गळ्याच्या शिरा फुगल्यात, तेही इमर्जन्सी. पडल्यावर हात वाकडा दिसतोय, बोटं बधिर किंवा गार पडलीत, तर सरळ एक्सरे. आणि शेतात काम करताना काही चावलं, दोन दात दिसोत न दिसोत, आणि सूज चढत चाललीय तर साप समजूनच चाला, घोणस नाहीतर फुरसं असेल तर सूज लवकर येते. दोरी आवळून बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, बांगड्या काढायच्या, हात हलू द्यायचा नाही आणि सरकारी दवाखाना गाठायचा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

साध्या सुजा पटकन सांगते

मुका मार असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि हात उशीवर उंच. गरम शेक पहिल्या दोन दिवसांत नको, सूज वाढते. आंबेहळद उगाळून लावली तर सहसा नुकसान नाही फक्त कातडी फुटलेली नको. म्हातारं माणूस हातावर पडलं असेल तर "मुरगळलं असेल" म्हणून आठवडा काढू नका, मनगटाचं हाड मोडलेलं असायची शक्यता खूप असते आणि बोटं हलतात म्हणजे हाड चांगलं आहे हा गैरसमज आहे.

सलाईन लावलेल्या जागी दवाखान्यातून आल्यावर दोरीसारखी कडक शीर आणि सूज राहते, त्याला कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीनदा शेक आणि हात उंच ठेवणं पुरतं, थोडा वेळ लागतो जायला. पू, ताप, वाढता लालपणा आला तर दाखवा. मधमाशी गांधीलमाशी चावली तर काटा अडकला असेल तर खरवडून काढा, गार पट्टी ठेवा, पण ओठ सुजले किंवा श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली तर दवाखाना. डायलिसिसवाल्यांचा फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचायला शिरा जोडलेला) हात सुजला तर घरी काहीच करत बसू नका, डायलिसिस सेंटरला फोन करा, वरची शीर अरुंद झालेली असू शकते.

विदर्भातल्या लोकांनी अजून एक लक्षात ठेवा, हत्तीरोग फक्त पायाला होतो असं नाही, हातालाही होतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया पट्ट्यात हा आजार आहे, क्युलेक्स डासाने पसरतो आणि त्याचे जंतू रक्तात रात्री सापडतात म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्त घ्यायला येतात. तेव्हा दार बंद करू नका. गोळ्या फुकट मिळतात, त्या समोर उभं राहून गिळायला सांगतात तर गिळा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो तेव्हा

याला लिम्फेडेमा म्हणतात. आमच्या घरात सासूबाईंना हे आहे, रोजचं सगळं बघते आणि फिजिओथेरपिस्टने जे हाताला धरून शिकवलं ते इथे लिहितेय. आपल्या काखेत वीस-तीस किंवा त्याहून जास्त लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, छोट्या गाठी) असतात, हाताकडून येणारं लसिका पाणी तिथून गाळून पुढे छातीतल्या शिरेत जातं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात, वरून लाईट म्हणजे रेडिएशन दिलं असेल तर उरलेल्या वाटा कडक होतात, मग पाणी पुढे जायला रस्ताच कमी पडतो. बांध घातलेल्या ओढ्यासारखं ते मागे तुंबतं. या पाण्यात प्रोटीन असतं म्हणून जास्त दिवस राहिलं की आतलं मांस घट्ट होत जातं, आणि मग सुरुवातीला दाबल्यावर जो खड्डा पडायचा तोही पडेनासा होतो.

काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांमध्ये साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो, आणि एक-दोनच गाठी तपासायला काढल्या असतील तर बराच कमी. पहिल्या दोन वर्षांत जास्त दिसतो पण दहा वर्षांनीसुद्धा येऊ शकतो. इथेच घोळ होतो कारण तोपर्यंत फॉलोअप सुटलेला असतो, आणि बाई गप्प बसते. "ऑपरेशन झालंय म्हणजे हात असाच राहणार", "जीव वाचला ना मग हाताचं काय रडायचं". मला हे ऐकून फार वाईट वाटतं कारण सुरुवातीला धरली तर ही सूज खरंच आटोक्यात राहते, आणि तीच वर्षभर अंगावर काढली की हात भांडं उचलायलाही जड होतो. पूर्ण जाईलच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पण आटोक्यात ठेवता येते हे नक्की.

सुरुवात कशी ओळखायची? सूज डोळ्यांना दिसायच्या आधी हात भरल्यासारखा, जड वाटतो. बांगडी नेहमी सहज चढायची ती अडते, ब्लाऊजची बाही एकाच दंडाला रुतते आणि संध्याकाळी वळ उठतो, अंगठीचा ठसा राहतो, मनगटाच्या शिरा आणि हाताच्या मागच्या हाडांच्या रेषा दुसऱ्या हाताइतक्या दिसत नाहीत. रात्री झोपून उठलं की बरं वाटतं आणि दिवसभर कामं केली की परत. हीच वेळ असते डॉक्टरकडे जायची.

घरी शिलाईची टेप असतेच. मनगटावर एक माप, मग मनगटापासून 10, 20, 30 सेंटीमीटर वर एकेक माप, दोन्ही हातांची, दर महिन्याला, शक्यतो सकाळच्या वेळी, आणि वहीत तारखेसकट लिहायची. टेप आवळायची नाही, नुसती टेकवायची. ज्या हाताने आपण काम करतो तो मुळातच थोडा जाड असतो म्हणून ऑपरेशनच्या आधीची मापं घेऊन ठेवली तर सगळ्यात चांगलं, कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे आजच करून टाका. कुठल्याही एका जागी 2 सेंटीमीटर किंवा जास्त फरक पडला तर दाखवायचंच, आणि हात जड वाटत असेल तर तेवढा फरक पडायची वाटही बघू नका.

एक फार महत्त्वाचं. ऑपरेशन होऊन वर्षं झाली आणि अचानक हात सुजायला लागला तर आपल्या मनाने लिम्फेडेमा ठरवून स्लीव्ह (सुजेवर घालायची दाबाची बाही) विकत घेऊ नका. काखेत आजार परत आलेला असू शकतो किंवा शिरेत गुठळी असू शकते, ते आधी डॉक्टरने तपासून नाही म्हणायला पाहिजे. मग पुढचं सगळं.

रोजचं घरी काय करायचं

पहिलं काम कातडीचं. त्या हाताला साधी चीर जरी पडली तरी इन्फेक्शन पटकन होतं, आणि प्रत्येक इन्फेक्शननंतर उरल्यासुरल्या लसिका वाहिन्या अजून खराब होतात आणि सूज एक पायरी वर चढते. रोज आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तिथे हमखास बुरशी होते. मग साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. नखाच्या कडेची कातडी कापायची नाही, काखेत ब्लेड फिरवायचं नाही, केमिकलवाली काळी मेंदी त्या हाताला नको. भांडी घासताना रबरी हातमोजे, विळीवर चिरताना लक्ष, आणि कुकरची वाफ, पोळीची वाफ, तव्याची कड हे आपल्या स्वयंपाकघरातले खरे शत्रू, तर चिमटा आणि सांडशी वापरायची सवय करा, नुसत्या पदराने भांडं उतरवू नका. शेतात जाणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतातच, तो या हातासाठी फार कामाचा आहे, कापूस वेचताना बोंडाची टोकं लागतात, उसाची पाती चरचरीत कापते, तेव्हा शर्ट आणि हातमोजा दोन्ही पाहिजे. चीर पडलीच तर लगेच साबण-पाण्याने धुवायची, अँटिसेप्टिक लावायचं आणि दोन दिवस लक्ष ठेवायचं.

दुसरं स्लीव्ह. ही कॉम्प्रेशनची बाही असते, साधारण 20 ते 30 एमएमएचजी दाबाची जास्त वापरतात, पण कुठला दाब आणि कुठलं माप हे माप घेऊन फिजिओथेरपिस्टनेच सांगायला पाहिजे, शेजारणीची स्लीव्ह चालत नाही. सूज खूप असेल तर आधी काही आठवडे थरांचं बँडेज बांधून हात उतरवतात आणि मग उतरलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह देतात. सुजलेल्या हातावर डायरेक्ट घट्ट स्लीव्ह चढवून फायदा होत नाही. घरातलं क्रेप बँडेज गुंडाळू नका, ते वेगळं आणि हे बँडेज वेगळं, चुकीचं आवळलं तर बोटांकडे पाणी सरकतं.

स्लीव्ह सकाळी उठल्याउठल्या घालायची कारण तेव्हा सूज सगळ्यात कमी असते, रात्री काढायची, डॉक्टरने वेगळं सांगितलं नसेल तर. चढवताना भांड्याचे रबरी हातमोजे घातले की पकड चांगली येते. कुठेही घडी राहायला नको आणि वरची कड दुमडायची तर अजिबात नाही, तिथे दोरी बांधल्यासारखा दाब येतो. स्लीव्ह घातल्यावर पंजा सुजायला लागला तर पंजाचा वेगळा मोजा लागतो, तसं सांगा. बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या, रंग बदलला तर काढून टाका. दोन घ्या, एक धुवायला एक वापरायला, साध्या साबणाने हाताने धुवून सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत ताण संपतो मग ती नुसतीच बाही उरते, बदलायला पाहिजे. खर्च आहे, माहितीये, म्हणून बऱ्याच जणी दोन-दोन वर्षं तीच वापरतात, पण सैल स्लीव्हचा उपयोग शून्य. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ती घालणं म्हणजे छळच आहे, तेव्हा सकाळची कामं लवकर आटपून दुपारी घरात सावलीत बसा, हात गार पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करून मग परत चढवा, पण उन्हाळा आहे म्हणून चार महिने कपाटात टाकू नका, उकाड्यातच सूज जास्त वाढते.

तिसरं व्यायाम, आणि तो स्लीव्ह घालूनच. आधी पाच वेळा पोटातून खोल श्वास, छातीतली मोठी लसिका वाहिनी त्याने हलते. मग खांदे वर-खाली, खांदे गोल, कोपर वाकव-सरळ, मनगट गोल, मूठ उघड-बंद, प्रत्येक दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. भिंतीवर बोटांनी चालत हात वर नेणं हेही करा, खांदा आखडला की सूज अजून बिघडते. हळूहळू करायचं, हात दुखेपर्यंत नाही.

"त्या हाताने आयुष्यभर काही उचलायचं नाही" असं अजूनही सांगतात, ते आता बदललंय. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, लिम्फेडेमा असलेल्या 141 बायका त्यात होत्या, निम्म्यांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली तर त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा वाढली नाही, उलट सूज उसळून यायचं प्रमाण कमी झालं आणि ताकद वाढली. पण त्यात देखरेख होती, स्लीव्ह होती आणि सुरुवात अगदी हलक्या वजनापासून होती. म्हणजे एकदम भरलेला हंडा उचलायचा असा अर्थ काढू नका, छोट्या तांब्यापासून सुरू करा, आठवडा बघा, हात भरला नाही तर थोडं वाढवा. हाताचा वापरच बंद केला तर तो अजून कमजोर होतो आणि मग साधं काम केलं तरी सुजतो.

चौथं, हलका मसाज. हे एकदा समोर बसून शिकूनच घ्या, वाचून जमत नाही, तरी अंदाज सांगते. हा मालिशवालीचा मसाज नाही, तेल नाही, जोर नाही, फक्त वरची कातडी सरकेल एवढाच हात. आधी मान आणि चांगल्या बाजूची काख मोकळी करायची, मग छातीवरून सुजलेल्या बाजूकडून चांगल्या बाजूकडे, मग दंडाचा वरचा भाग, मग कोपर, मग खाली, आणि प्रत्येक वेळी ढकलायचं वर शरीराकडेच. मनगटापासून सुरुवात केली तर वरचा रस्ता भरलेलाच असतो, पाणी जाणार कुठे. पंधरा-वीस मिनिटं लागतात. ताप, लाली, गुठळीची शंका असेल तर मसाज पूर्ण बंद. हार्टचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारायचं.

झोपताना हात छातीच्या पातळीला किंवा थोडा वर उशीवर ठेवा, सुरुवातीच्या सुजेत याने सकाळी चांगला फरक दिसतो. त्या कुशीवर झोपू नका, पर्स-पिशवी त्या खांद्याला लटकवू नका. बीपी आणि सुया शक्यतो दुसऱ्या हाताला घ्यायला सांगा, पण दुसरा हात उपलब्ध नसेल आणि इमर्जन्सी असेल तर घाबरून अडवून धरू नका, एखाद्या सुईने सूज येतेच असं नवीन अभ्यासांत दिसलेलं नाही.

खाण्यात पथ्य असं खास नाही. प्रोटीन बंद केलं तर सूज कमी होते हे चूक आहे, डाळ, अंडी, दूध व्यवस्थित खा. पाणीही कमी करू नका. मीठ बेताचं, म्हणजे पापड-लोणचं रोज वाटीभर नको. वजन मात्र खरंच फरक पाडतं, वाढलं की सूज वाढायची शक्यता जास्त, म्हणून ते आटोक्यात ठेवा. लघवीची गोळी केमिस्टकडून आणून घेऊ नका, ती नुसतं पाणी काढते, प्रोटीन तिथेच राहतं आणि या सुजेला तिचा उपयोग नाही.

हे लावू नका, कोणीही सांगितलं तरी

बिब्बा. गावाकडे सुजेवर बिब्बा फुलवून लावतात, या हातावर त्याने भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यातून इन्फेक्शन. हळद-चुन्याचा लेप, चुना कातडी जाळतो. लसूण वाटून बांधणं, तेही भाजतं. डाग देणं, तुंबड्या, जळवा तर अजिबातच नको. गरम पाण्याची पिशवी, गरम वाळूचा शेक, वाफ नको, उष्णतेने त्या हाताकडे अजून पाणी ओढलं जातं. आजी-आत्या प्रेमाने सांगतात, त्यांना वाईट वाटेल म्हणून हात पुढे करू नका, सरळ सांगा की डॉक्टरने मनाई केलीय.

हात लाल झाला, गरम लागला, हुडहुडी भरली तर स्लीव्ह काढायची, मसाज-व्यायाम थांबवायचा आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे, रात्री ताप आला तर सकाळची वाट बघू नका. पेनाने लालीच्या कडेला रेघ मारून ठेवा म्हणजे वाढतेय का कळतं. आणि खूप वर्षांच्या जुन्या सुजेवर जांभळट लाल डाग किंवा गाठ उठली जी जात नाही, ती मार लागल्याची खूण समजून सोडू नका, क्वचितच पण तो वेगळा कॅन्सर असू शकतो.

कुठे जायचं तर जिथे ऑपरेशन झालं तिथेच आधी विचारा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभाग असतो, जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करा, आणि फोनवरच विचारून घ्या की लिम्फेडेमाचं बँडेज बांधता का, कारण गुडघे-कंबर बघणारे सगळेच हे करत नाहीत. जाताना ऑपरेशनची फाईल ज्यात काखेतल्या किती गाठी काढल्या ते लिहिलंय, मापांची वही, आणि जुनी स्लीव्ह असेल तर ती पण सोबत न्या, आणि सैल बाहीचा ब्लाऊज किंवा गाऊन घालून जा म्हणजे खांद्यापर्यंत हात नीट बघता येतो.